उसाच्या नवरीची पाठवणी

काचेची पेटी आली ती सकाळच्या चहाच्या वेळेला. पिकअपमधून चौघांनी मिळून ती उतरवली आणि नव्या सुनेला उंबरठा ओलांडून आणावं तशी जपून जपून चरकाच्या घरात आणून ठेवली. वागियेम दाराशी किटली घेऊन बसली होती. पेटीकडे बघता बघता तिच्या हातातला पेला भरून वाहिला आणि गोड चहा बोटांवर आला, तरी तिला चटका बसल्याचं कळलं नाही.

"बू वागियेम, या ना इकडे," मास हांदारुनं हाक मारली. इथं तरुणाला मास, बाईला बू आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणायची रीत. हांदारु या कामाचा आर्किटेक्ट. शिकला शहरात, पण मूळचा नदीपलीकडच्या गावचा. तीन पावसाळे या पडक्या साखर कारखान्याशी झुंजून त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "इथं बसतील दोघं. वरून मंद दिवा सोडायचा. माणूस आत आला की पहिली नजर नवरानवरीवर. छान दिसेल ना?"

"बरं जी," वागियेम म्हणाली.

कारांगसेंगोन गावात 'बरं जी' हे सगळ्याचंच उत्तर. जेवणार का? बरं जी. मीटिंगला येणार का? बरं जी. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्यापुढे पाय पसरून बसणं. तेव्हा तोंड हो म्हणतं, आणि मनातलं काय ते मागाहून पाय सांगतात. माणूस येतो, नाहीतर येत नाही. इथं वाढलेला कुणीही होकार ऐकला की तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो.

हांदारुनं तिच्या पायांकडे बघितलं असतं तर ते पेटीपासून दोन पावलं मागे सरलेले दिसले असते. पण त्यानं मुद्दाम वर दिव्याच्या तारेकडे बघितलं.

कारखाना डच साहेबांच्या काळातला. बंद पडला त्यालाही दहाएक वर्षं झाली. धुराड्यावर वड उगवला, साखरेच्या कोठारात वटवाघळं आली. मग गावातल्या नाटकवाल्यांनी उचल खाल्ली. त्यांची तालीम पेट्रोल पंपाच्या शेडखाली चालायची. राजा तलवार उपसायला गेला की नेमका ट्रक हॉर्न द्यायचा, आणि राणी हसू लागायची. एवढी मोठी इमारत रिकामी पडलीय, ती आम्हाला द्या, असं त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनाही ते आवडलं. मग मीटिंगा सुरू झाल्या. आज छप्पर, उद्या पाणी, परवा पुन्हा छप्पर. वागियेम बायकांच्या गटाची म्हणून प्रत्येक मीटिंगला गेली. चहा केला, टेंपे म्हणजे सोयाबीनच्या वड्या तळल्या, मागच्या रांगेत बसून डुलक्या घेतल्या. आता बॉयलरच्या जागी रंगमंच होता, कोठारात नाचाच्या तालमींची जागा होती. परवा उद्घाटन. सगळं झालं होतं, आणि सगळेच इतके दमले होते की झाल्याचा आनंद कुणाच्या अंगात उरला नव्हता.

पेले गोळा करून ती घरी निघाली. वाट उसाच्या मळ्यातूनच जात होती, फक्त आता तिथं ऊस नव्हता, टरबुजं होती.

*

नवरानवरी तिच्या कपाटावर होती.

दरवर्षी गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी उसाचं लग्न लागायचं. एका मळ्यातून सरळसोट, तुरा आलेला ऊस नवरा म्हणून निवडायचा, दुसऱ्या मळ्यातून नवरी, आणि दोघांना हातभर उंचीचं तोडून घ्यायचं. नवऱ्याचं नाव बागुस सारकारा, नवरीचं रारा लेगी. ऊस बदलायचे, नावं तीच. वागियेम गावातल्या नवऱ्या सजवायची, म्हणून उसाची नवरीही तिच्याच हातची. पेरापेरांना हळद, वर बाटिकचं लुगडं, लाकडी मुखवट्याच्या कपाळावर काळ्या रंगाची महिरप, अंबाड्यातून खांद्यावर उतरलेली मोगऱ्याची वेणी. मशिदीतले पाक मोदिन दुआ मागायचे, नाटकवाले गाँग वाजवत वरात काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला की सगळ्यात आधी ही दोघं चरकात जायची. नवराबायकोचा रस एक व्हायचा. चरकाचा पहिला घास उसाच्या जोडप्याचा, म्हणजे मग तो वर्षभर माणसाच्या हातापायाकडे बघत नाही.

त्या शेवटच्या वर्षी लग्न लागलं, वरात आली, जोडपं चरकाच्या तोंडाशी ठेवलं. सकाळी भोंगा वाजलाच नाही.

वागियेमचा नवरा न्गातिमान चरकावर कामाला होता. दुपारपर्यंत तो तिथं बसून राहिला. मग आपला सदरा काढून त्यात दोघांना गुंडाळलं आणि उघड्या अंगानं घरी आला. "उद्या होईल भोंगा," म्हणत त्यानं त्यांना कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. पुढच्या वर्षी खोकल्यानं तो गेला, आणि तो 'उद्या' वागियेमच्या गळ्यात राहिला.

दर गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्यापुढे ताजी फुलं आणि गोड चहाचा पेला ठेवी. ऊस वाळून काठीसारखा झाला, लुगड्याला कसर लागली, मुखवट्याच्या नाकाचा टवका गेला. लग्न लागलेली आणि सासरी न गेलेली नवरी घरात. पाहुणीला जा म्हणता येत नाही आणि ती आपणहून उठत नाही. वागियेमला कितीदा वाटे, आपण झोपतो पण पुरते झोपत नाही. घरात कुणीतरी उभं आहे, आणि कुणी उभं असताना आपण पाठ कशी टेकायची?

"पेटी आली म्हणे," लेकीनं इस्त्रीवरून मान वर न करता विचारलं. अंबरवतीनं घराच्या ओसरीतच कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचा धंदा टाकला होता. पस्तिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं. उसाच्या नवरीनं घरातली खरी नवरी अडवून धरलीय, असं गावातल्या बायका बोलत. अंबरला त्याचं काही नव्हतं. "बरं आहे की," ती म्हणे, "मला कारण शोधावं लागत नाही."

"आली," वागियेम म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं जी म्हणाले."

अंबरनं इस्त्री उभी ठेवली. "आई, तीन वर्षं मीटिंगात बसलीस तू. टेंपे तळून तळून तुझ्या केसांना तेलाचा वास लागला. एकदा, एकदा तरी नाही म्हणता आलं नाही तुला?"

"चांगलं पोरगं आहे गं ते. मान देतंय आपल्याला. काचेत ठेवतंय."

"काचेत सुकी मासळी पण ठेवतात बाजारात."

वागियेमला हसू आलं, आणि हसता हसता ती खाली बसली. "पेटीत बसवलं की संपलं गं. मग ती कायमची तिथंच. येणारा जाणारा बघणार, फोटो काढणार. माझ्या हातानं सजवलेली नवरी मी भर मांडवात सोडून आले, असं दिसणार मला रोज." जरा थांबून ती म्हणाली, "मला त्यांना घालवायचंय. एवढंच. चरकातून घालवायचंय, आणि मग निजायचंय."

"मग जा की पाक कासिरानकडे," अंबर म्हणाली. "कारखान्याचं इंजिन तोच चालवायचा."

*

पाक कासिरान आता सायकली दुरुस्त करायचा. वडाखाली बाकड्यावर बसून तो एक ट्यूब पाण्यात बुडवत होता.

"बोला, नवरीच्या सासूबाई!" त्याची ही थट्टा जुनीच.

वागियेमनं सगळं सांगितलं. तो बुडबुडे बघत ऐकत राहिला.

"बू, बॉयलर भंगारात गेला. वाफ कुठली आणू? माझ्या नाकातून?"

"मोठ्या चाकाला पहार घालून तुम्ही फिरवायचात ना? वाफ यायच्या आधी?"

"फिरवायचो. तेव्हा आम्ही माणसं होतो." त्यानं पायजमा वर करून गुडघा दाखवला. "हा बघा. पावसाच्या आधी दोन दिवस बातमी देतो. सुकिर्मानला दिसत नाही, पोनिजोला ऐकू येत नाही. आणि चाकाला तुमच्या त्या लाडक्या मासनं लाल रंग फासलाय, लिपस्टिक लावल्यासारखा. वर लोखंडी पट्टी ठोकलीय, पोराबाळांची बोटं सापडू नयेत म्हणून. आत काय गंजलंय ते अल्ला जाणे."

"म्हणजे होणार नाही."

"असं कुठं म्हटलं मी?"

"मग होईल?"

कासिराननं ट्यूब झटकली. तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, मान खाली घातली.

"बरं जी," तो म्हणाला.

वागियेमनं त्याच्या पायांकडे बघितलं. ते बाकड्याखाली, वहाणा काढून, एकावर एक निवांत पडले होते. तीही मग "बरं जी" म्हणाली आणि घराकडे वळली. टरबुजांच्या मळ्यात बायका पाणी पाजत होत्या. कुणीतरी हाक मारली, तिनं हात वर केला. तेवढ्यानंही खांदा दुखला.

*

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जोडपं पेटीत बसवायचं ठरलं होतं. सकाळी वागियेमनं त्यांना कपाटावरून उतरवलं, पाटावर बसवलं. आपलं ठेवणीतलं लुगडं फाडून त्याची दोन केली. एक नवरीला, एक नवऱ्याला. मुखवट्यांची धूळ पुसली, कपाळावरची महिरप पुन्हा रेखली. रेघ जरा वाकडी गेली. अंबरनं मोगऱ्याची वेणी गुंफली.

नवरी सजवताना म्हणायचं ते गाणं वागियेमनं म्हटलं. अगदी हळू, शेजारच्या अंबरला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

*माहेर मातीचं गं, सासर लोखंडाचं,*
*वाटेत ओघळलं फूल वेणीतल्या मोगऱ्याचं.*

पुढची ओळ परंपरेतली आठवेना. मग जे आलं ते म्हटलं.

*ऊठ गं नवरीबाई, किती राहशील पाहुणी,*
*तुझ्या अंगीची गं गोडी गेली धुरात वाळूनी.*

अंबरनं दोऱ्याची गाठ मारली आणि आईकडे बघितलंच नाही.

दोघी चालत निघाल्या. लहान मूल घ्यावं तशी वागियेमनं नवरी झोळीत घेतली होती, अंबरच्या खांद्यावर नवरा. वाटेतल्या घरांच्या बायका दारात आल्या. पूर्वी वरात बघायला यायच्या तशाच, फक्त आता गाँग नव्हता.  एक म्हातारी मागे चालू लागली, मग दुसरी.

चरकाच्या घरात रंगाचा वास भरला होता. नाटकवाले पोशाखाच्या पेट्या आणत होते. हांदारु पेटीचं झाकण उघडून उभा होता, आत मखमल अंथरलेली. दिवा लागलेला. "या, या बू," तो म्हणाला. त्याचा आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

वागियेम पेटीपर्यंत गेली. मखमलीवर हात फिरवून बघितला. फार मऊ होती. तिनं तोंड उघडलं, आणि नाही हा शब्द काही केल्या येईना. आयुष्यभरात कधी मोठ्या कामाला वापरलाच नव्हता तो.

"मी जरा बसते," एवढंच ती म्हणाली.

आणि ती चरकाच्या पायथ्याशी, फरशीवर, नवरी मांडीत घेऊन बसली. भिंतीसारखे तीन रोलर तिच्या डोक्यावर होते, काळ्या रंगानं चकचकीत. मागून आलेल्या बायकाही बसल्या. अंबर बसली. नाटकवाल्यांनी पेट्या ठेवल्या आणि तेही टेकले. सगळेच दमलेले होते, बसायला निमित्त हवंच होतं.

बराच वेळ गेला. हांदारुनं दिवा मालवला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बू, काल तुम्ही बरं जी म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं होतं ते नाही आहे."

"मग?"

"मी साहेबांना आधीच बरं जी म्हणून बसलो होतो. पेटी त्यांनी सुचवली. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी नाही म्हणेल." तो हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच विझलं. "सगळे एकमेकांवर अवलंबून. तुम्ही माझ्यावर, मी तुमच्यावर."

"दोघं शहाणे," अंबर पुटपुटली.

तेवढ्यात दाराशी लोखंड घासल्याचा आवाज झाला. पाक कासिरान आला होता. हातात पहार, काखेत ग्रीसचा डबा. मागे सुकिर्मान, पोनिजो आणि आणखी काही जुने गडी, सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टोप्या, नमाजाला निघाल्यासारख्या. वागियेमनं त्यांच्या पायांकडे बघितलं. गमबूट घातले होते. कारखान्यातलेच, जुने, तडे गेलेले.

"उशीर झाला," कासिरान म्हणाला. "या पोनिजोला तीनदा सांगितलं, तीनदा त्याला वाटलं कुणीतरी वारलं."

"कोण वारलं?" पोनिजोनं विचारलं.

"तू गप्प राहा. रेटायचं तेवढं रेट." कासिरान हांदारुसमोर येऊन उभा राहिला, आणि थट्टा आटपून, हात पुढे जोडून अदबीनं बोलला, "मास, चाकाची पट्टी काढू का? रंग जाईल. कदाचित काही मोडेलही. उद्या तुमचे साहेब येणार. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही चहा पिऊन परत जातो, मनात काही ठेवणार नाही."

हांदारुनं चाकाकडे बघितलं. त्याच्या माथ्याएवढं उंच, लाल, आरशासारखं. तीन वर्षांच्या कामात हे चाकच काय ते त्याच्या मनासारखं झालं होतं. परवा-तेरवापर्यंत तो आल्यागेल्याला बोट लावू देत नव्हता.

"बरं जी," तो म्हणाला.

चरकाच्या घरातल्या झाडून सगळ्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

हांदारुनं बूट काढले. मोजे काढले, बुटांत खुपसले. आणि अनवाणी चाकापाशी जाऊन पहारीला हात लावला.

*

पट्टी निघाली. चाकाच्या कडेच्या भोकात पहार घातली. "हं!" म्हणून सगळे लोंबकळले. काही हललं नाही. पुन्हा ग्रीस, पुन्हा 'हं'. बायकांनी पदर खोचले आणि दुसऱ्या पहारीला लागल्या. नाटकातला राजा आला, राणी आली. पोनिजोला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांच्या नंतर रेटायचा, आणि कासिरान त्याला शिव्या घालायचा. मग एकदा नेमकं तो उशिरानं रेटायला आणि आत काहीतरी कटकन सुटायला एकच गाठ पडली. लाल रंगाचा पापुद्रा सोलून खाली पडला, आणि चाक हाताची बोटं मिटावीत एवढं सरकलं.

"आला!" पोनिजो ओरडला. "माझ्यामुळं आला!"

चाक वीतभर फिरे तेव्हा रोलर नखभर फिरे. पहार काढायची, पुढच्या भोकात घालायची, लोंबकळायचं. वागियेमनं नवरानवरीला एकमेकांशेजारी रोलरांच्या तोंडाशी ठेवलं. पाक मोदिन नव्हते, म्हणून सुकिर्माननं दुआ मागितली. त्याला दिसत नव्हतं, पण पाठ होती. वागियेमनं दोन्ही मुखवटे काढून घेतले. पूर्वी काढायचे तसेच. मुखवटे दरवर्षी तेच असतात, ते चरकाचे नसतात.

मुखवट्याखाली नुसता वाळका ऊस होता. तिला एकाएकी त्याची फार दया आली.

"जा गं बाई," ती म्हणाली. "फार वाट बघितलीस."

रोलरांनी टोक धरलं. भरलेल्या उसाचा आवाज ओला असतो. हा कोरडा होता, चुलीसाठी काटक्या मोडाव्यात तसा. मोगरा आत गेला, लुगडं गेलं. ते अर्धं अर्धं जाताना सगळ्यांचे हात थकले, थांबले, पुन्हा लागले. पलीकडच्या बाजूला रसाच्या पन्हाळीत एक थेंबही आला नाही. फक्त चिपाडं पडली, बारीक, फिकट, आणि त्यांच्यावर लुगड्याच्या रंगीत चिंध्या. त्याचं कुठलं नि तिचं कुठलं, ओळखू येत नव्हतं.

वागियेम पन्हाळीत वाकून बघत राहिली. आपण रडू, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. रडू आलं नाही. जांभई आली. मग दुसरी आली.

"रस नाही निघाला," हांदारु हळूच म्हणाला. त्याच्या तळपायांना लाल रंग लागला होता.

"कुठून निघणार? म्हातारी झाली होती दोघं," कासिरान गुडघा चोळत म्हणाला. "पण गेली सोबत. आता या पेटीचं काय करणार, मास?"

हांदारुनं उघड्या पेटीकडे बघितलं.  अंबरनं चहाचे पेले गोळा केले होते, ते कुठं ठेवावेत म्हणून ती इकडेतिकडे बघत होती. ते तिनं मखमलीवर नेऊन ठेवले, एकावर एक. 

नाटकवाल्यांना तालीम करायची होती, उद्या प्रयोग होता. त्यांनी बॉयलरच्या जागेवर चटया पसरल्या, ढोलकीवाल्यानं चामड्यावर बोट मारून बघितलं. गाँग पहिल्यांदा या भिंतींत घुमला, तेव्हा वळचणीतून चार वटवाघळं उडाली. राजानं तलवार उपसली. या वेळी ट्रक आला नाही, तरी राणीला सवयीनं हसू आलं.

"नीट कर गं बाई," राजा म्हणाला, "मी दमलोय."

वागियेम चरकाला पाठ लावून बसली होती. लोखंड रेटून रेटून कोमट झालं होतं, माणसाच्या पाठीसारखं. दोन मुखवटे मांडीवर होते. उद्या साहेब येणार, हांदारुला बोलणी बसणार, पेटीचा जाब द्यावा लागणार. आपणही तिथं असायला हवं, असं तिच्या मनात आलं. त्या वेळी नाही म्हणायचं, किंवा निदान त्याच्या शेजारी उभं राहायचं. पापण्या जड झाल्या. घरी कपाटावर आता कुणी उभं नव्हतं.

अंबर तिला उठवायला आली. "आई, घरी चल, जेवायचंय."

"बरं जी," वागियेम डोळे मिटूनच म्हणाली.

अंबरनं तिच्या पायांकडे बघितलं. ते लांब पसरले होते, ऐन रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर. राणी आपला पदर सावरून त्यांना वळसा घालून गेली. अंबर मग तिच्या शेजारी बसली आणि आईचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं.